लिंबायतचा वजनकाटा

गुजरातीत अंगणवाडीच्या मदतनिसाला ‘तेडागर’ म्हणतात. ‘तेडवुं’ म्हणजे बोलावून आणणे, आणि मुलाला कडेवर घेणेसुद्धा. घरोघर जाऊन मुलांना हाका मारणारी, जे येत नाही त्याला सरळ कडेवर टाकून आणणारी ती तेडागर. आपल्याकडे सेविका आणि मदतनीस असतात. कानडीत कार्यकर्ते आणि सहायकी. (कानडीतली ‘कार्यकर्ते’ ही एकच बाई असते, हे या अंकाच्या मराठी वाचकांनी ध्यानात घ्यावे, आपल्या ‘कार्यकर्ते’ या शब्दाशी तिचा काही संबंध नाही.) या सर्व नावांत मला तेडागर हे नाव फार आवडले. काम काय आहे ते नावातच सांगून टाकले आहे.

डिसेंबर २०२४ ते मे २०२५ असे सहा महिने मी सुरतेला मावशीकडे राहिले होते. मावशी मूळची इचलकरंजीची. काका मागावर जॉबर होते, ते सुरतेच्या लूम कारखान्यात गेले आणि तिथलेच झाले. मावशी लिंबायत भागात अंगणवाडी चालवते. डिसेंबरात जिन्यावरून पडून तिचा उजवा हात मनगटात मोडला, आणि पदवी घेऊन घरी बसलेली भाची म्हणून माझी रवानगी सुरतेला झाली. हाताला प्लास्टर असले तरी तिने रजा फार दिवस घेतली नाही. मग वजनकाटा उचलून नेण्याचे काम माझ्याकडे आले. या लेखात जे काही आहे ते काटा उचलता उचलता पाहिलेले आहे.

लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत फिरताना आपण गुजरातेत आहोत याचा विसर पडतो. धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून पिढ्यान्‌पिढ्या आलेली खानदेशी माणसे इथे लाखांनी आहेत. महानगरपालिकेच्या मराठी शाळा आहेत. भुसावळकडून येणारी गाडी तापीच्या खोऱ्यातूनच सुरतेला उतरते. ज्या नदीकाठी माणूस जन्मला तिच्याच मुखाशी तो पोट भरायला येतो. पुरुष मागावर, बाया घरी. घरी म्हणजे रिकाम्या नव्हेत. साड्यांना खडे चिकटवणे, धागे कापणे, लेस लावणे ही कामे नगावर चालतात. त्याच गल्लीत ओडिया कुटुंबे, उत्तर प्रदेश आणि बिहारची कुटुंबे. मावशीच्या दहा बाय बाराच्या भाड्याच्या खोलीत सकाळी पाच भाषांत रडणे चाले.

त्या खोलीत विद्येची जी साधने होती ती सोडा. आरोग्याची साधने मोजकीच. आकडे दाखवणारा वजनकाटा, उंची मोजण्याची पट्टी, तान्ह्या मुलाला आडवे ठेवून लांबी मोजण्याची फळी, दंडाचा घेर मोजण्याचा तीन रंगांचा पट्टा, आणि मावशीचा मोबाइल. याखेरीज प्रत्येक आईच्या घरी प्लास्टिकच्या पिशवीत रेशन कार्डाशेजारी ठेवलेले ममता कार्ड. लसीच्या तारखा त्यात, वाढीचा आलेखही त्यात. गुजरातेत लसीकरणाच्या आणि तपासणीच्या दिवसाला ममता दिवस म्हणतात.

आता या साधनांबद्दल गल्लीचे मत ऐका. काट्यावर ठेवलेले मूल दुसऱ्या दिवशी उतरते. पट्टा दंडाला बांधला की हात बारीक होतो. मोबाइलमध्ये फोटो घेतला की नजर लागते. हे अडाणीपण म्हणून हसण्यावारी नेता आले असते, पण याच बाया साडीच्या खड्यांचा हिशेब तोंडी करतात आणि कारखान्यातल्या मीटरने नवऱ्याचा ताका कमी दाखवला तर तो कुठल्या पाळीत कमी दाखवला हेही सांगतात. तेव्हा प्रश्न अकलेचा नव्हता. यंत्राने आपले कधी भले केले आहे असा अनुभव गाठीशी नव्हता, एवढेच.

मला आठवते ती एक आई. नंदुरबारकडची, तेवीस-चोवीस वर्षांची. मुलगी दीड वर्षाची. जानेवारीत तेडागर तिच्या दारी तीनदा गेली आणि तिन्ही वेळा दाराला आतून कडी. आत मूल खोकत होते, म्हणजे माणसे घरात होती. चौथ्या वेळी मावशी स्वतः गेली, मी मागे काटा घेऊन. दार उघडले ते सासूने. सून आतून म्हणाली, “मनी पोर बारीक शे, आजारी नही शे.” माझी मुलगी बारीक आहे, आजारी नाही. अहिराणी मला तेव्हा कळत नव्हती, पण त्या वाक्यातली धास्ती कळली.

हकीकत हळूहळू बाहेर आली. दोन वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका ठिकाणी (नाव सांगण्याचे कारण नाही), तिच्या थोरल्या मुलाचे वजन केले होते. वजन करणाऱ्या बाईने आकडा फोनमध्ये घातला, तोंडाने काही सांगितले नाही. आठवड्याने दोन बाया आल्या आणि मुलगा ‘लाल’ निघाला, भरती करावा लागेल म्हणाल्या. पोषण पुनर्वसन केंद्रात साधारण चौदा दिवस ठेवतात, आईलाही सोबत राहावे लागते. बुडालेल्या मजुरीपोटी काही रक्कम मिळते, पण नगावरचे काम चौदा दिवस बंद ठेवले की ते दुसऱ्या बाईकडे जाते आणि परत येत नाही. तसेच झाले. मुलगा सुधारला, काम गेले. आता तिच्या हिशेबात काटा म्हणजे काम जाणे. यात चूक कुठे आहे ते मला आजही दाखवता येणार नाही.

सासूचे भय आणखी जुने होते. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेग आला तेव्हा ती याच शहरात नवी आली होती. लाखो माणसे मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेली. अनेक खाजगी डॉक्टरही दवाखाने बंद करून गेले. “नाव लिव्हायले आले की समजानं,” ती म्हणाली. पुढे १९९५ पासून आयुक्त एस. आर. राव यांच्या काळात शहर झाडून-पुसून स्वच्छ झाले, त्याचे गोडवे आपण पाठ्यपुस्तकांत आणि वर्तमानपत्रांत वाचले आहेत, आणि ते खरेही आहेत. पण दारावर वही घेऊन आलेल्या माणसाला पाहून छातीत धस्स होणे हे त्या आठवड्यातून उरले ते उरलेच.

मावशीने त्या दिवशी वजन केले नाही. चहा प्यायली आणि परत आली. मला राग आला. चार किलोचा काटा चार मजले चढवून आणला होता.

दुसऱ्या दिवशी तिने जे केले ते मी पूर्वी कुठल्या पुस्तकात वाचले नव्हते. गल्लीच्या तोंडाशी कांदे-बटाटे विकणारा हातगाडीवाला उभा असतो. त्याच्याकडून तिने पाच किलोचे लोखंडी माप मागून आणले, वजनमापे खात्याचा शिक्का असलेले. या मापावर बायांचा विश्वास होता, कारण त्याच्याशी रोज भांडून त्यांनी ते पक्के करून घेतले होते. मावशीने काटा खोलीत न ठेवता ओट्यावर मांडला, आकडा रस्त्याकडे येईल असा. त्यावर माप ठेवले. पाच किलो. उचलले. शून्य. पुन्हा ठेवले. पाच किलो. मग म्हणाली, “आता तुमच्या घरातलं काही आणा.” एकीने बाजरीच्या पिठाचा डबा आणला, एकीने गॅसची शेगडी. अर्धा तास नुसता खेळ चालला. एका बाईने दुकानातून आणलेली दोन किलो साखर ठेवली ती एक किलो नऊशे भरली आणि तिथल्या तिथे सगळा मोर्चा दुकानाकडे वळला. त्या दिवशी एकाही मुलाचे वजन झाले नाही.

सुरत हे खरे तर तराजूचे शहर आहे. हिऱ्याच्या बाजारात लाखोंचा माल कागदाच्या पुडीत जांगड म्हणून या हातातून त्या हातात जातो. पसंत पडला तर ठेवा, नाही तर परत करा. आंगडिया कमरेला पुड्या बांधून रात्रीच्या गाडीने मुंबई गाठतो. लोक म्हणतात, काय विश्वास आहे पाहा! पण त्या विश्वासाचा पाया मला बाजारात उभे राहून दिसला. हिरा तोलताना घेणारा आणि देणारा दोघेही काट्यावर वाकलेले असतात. मालाचे वजन एकाला माहीत आणि दुसऱ्याला नाही, असे तिथे चालत नाही. लिंबायतच्या ओट्यावर मावशीने याहून निराळे काही केले नव्हते.

त्या महिन्याच्या ममता दिवसाला नंदुरबारची ती आई आपल्या पायांनी आली. मुलगी सात किलो शंभर ग्रॅम भरली. अठरा महिन्यांच्या मुलीचे वजन जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात मधल्या रेषेवर दहा किलो दोनशे असते, आणि सात किलो दोनशेच्या खाली तीव्र कमी वजन समजतात. म्हणजे शंभर ग्रॅमने मुलगी सर्वांत खालच्या पट्ट्यात. मावशीने आकडा मोठ्याने वाचला, आईकडून वाचून घेतला, आधी तिच्या ममता कार्डावर टिंब काढायला मला सांगितले आणि मगच फोन हातात घेतला. हा क्रम तिने कधी मोडला नाही. मी एकदा म्हटले, फोनमध्ये आधी घातले तर काय बिघडते? ती म्हणाली, “फोन वर जातो. कार्ड घरी जातं. घरी जायचं ते आधी.”

या कार्डाचा इतिहास मी नंतर शोधला. डेव्हिड मॉर्ले नावाचे इंग्रज बालरोगतज्ज्ञ १९५० च्या दशकात नायजेरियात इलेशा येथे काम करीत होते. मुलाचे वजन दरमहा टिंबाने मांडून रेषा वर जाते की आडवी पडते हे पाहण्याचा तक्ता त्यांनी तिथे रुजवला. त्यांचा आग्रह असा की कार्ड दवाखान्याच्या कपाटात नव्हे, आईजवळ राहिले पाहिजे. साध्या पुठ्ठ्याच्या तुकड्यातली ही केवढी मोठी गोष्ट! आपल्याकडे २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांनी सुरू झाली. त्यातला एक आपल्या कर्नाटकातला, म्हैसूर जिल्ह्यातल्या टी. नरसीपूरचा. आज देशात जवळजवळ १४ लाख अंगणवाड्या आहेत आणि वाढीचा तक्ता हा त्यांचा कणा आहे. २००८ मध्ये भारताने जागतिक संघटनेची नवी मानके स्वीकारली, तक्त्याचे रंग बदलले, पण कार्ड आईकडेच राहिले.

१ मार्च २०२१ पासून मात्र ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप आले आणि नोंदीचा ओघ बदलला. मुलाचे वजन-उंची घातली की रंग फोन ठरवतो. हिशेबाची चूक होत नाही, अकरा रजिस्टरांचे ओझे हलके होते, मूल कुठे घसरते आहे हे तालुक्याला लगेच दिसते. हे फायदे खरे आहेत आणि ते नाकारणे हटवादीपणाचे होईल. पण त्याच फोनला अंगणवाडी कधी उघडली, किती मुले आली, हेही सांगावे लागते. मावशी म्हणायची, “पूर्वी साहेब महिन्यातून एकदा यायचे. आता साहेब पर्समध्येच असतात.” महाराष्ट्रात तर ऑगस्ट २०२१ मध्ये सेविकांनी सरकारने दिलेले फोनच परत करण्याचे आंदोलन केले. फोन जुने, चालेनासे झालेले, दुरुस्तीचा खर्च अंगावर, आणि नवे ॲप इंग्रजीत. आठवी-दहावी झालेल्या बाईने मुलाची भूक इंग्रजीत नोंदवायची! पुढे ॲप भारतीय भाषांत आले. पण यंत्र ज्याच्या हाती द्यायचे त्याची भाषा शेवटी आठवावी, ही आपली जुनी खोड आहे. सीमाभागात वाढलेल्या आपल्यासारख्यांना ती वेगळी समजावून सांगायला नको.

याच्या उलट उदाहरण सुरतेपासून फार लांब नाही. नर्मदेअलीकडे भरूच जिल्ह्यात झगडिया येथे ‘सेवा रूरल’ ही संस्था १९८० पासून काम करते. तिथे आशाताईंसाठी मोबाइलवरची एक पद्धत तयार झाली. भरूच आणि नर्मदा जिल्ह्यांतल्या आदिवासी भागांत तिची रीतसर चाचणी झाली आणि २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आशाताईंच्या घरभेटी आणि मातांना मिळणाऱ्या सेवा वाढल्याचे त्यात दिसले. पुढे राज्य सरकारने ‘टेको’ नावाने ती कल्पना गुजरातभर नेली. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. तो फोन नुसते विचारीत नसे, सांगतही असे. आज कोणाच्या घरी जायचे, बाळाची कोणती लक्षणे पाहायची, आईला काय दाखवायचे. कामात अडचण आली तर प्राथमिक केंद्रातल्या माणसालाही ती दिसे. ज्या यंत्राकडून आपल्याला काही मिळते त्याला आपण खरी माहिती देतो. नुसते घेणाऱ्या यंत्राला माणूस काय देतो ते सांगायला नको; शेतसाऱ्याच्या काळापासून सगळ्यांना ठाऊक आहे.

फेब्रुवारीत तपासणीचे डॉक्टर आले. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये महाराष्ट्रात पालघरला सुरू झाला; त्यात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी व्हावी अशी योजना आहे. आलेल्या डॉक्टरीण बाई गुजराती, तरुण, कामाला चटपटीत. त्यांनी आपल्या काट्यावर मुलीचे वजन केले ते सात किलो पाचशे भरले. मावशीच्या महिन्याच्या नोंदीत, चार दिवसांपूर्वीच, सात किलो दोनशे होते. डॉक्टरीण बाईंनी मावशीच्या वहीकडे पाहिले. काही बोलल्या नाहीत, पण ते पाहणे सगळ्यांना दिसले. आई एकदम काट्यापासून मागे सरली. इतक्या दिवसांची मेहनत तीनशे ग्रॅमात वाहून जाते की काय असे मला झाले.

मावशीने हातगाडीवाल्याचे माप मागवले. दोन्ही काट्यांवर ते पाच किलोच भरले. मग फरक कुठला? सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, “सुटर.” फेब्रुवारीची सकाळ गार होती, मुलीच्या अंगात लोकरीचा स्वेटर, पायांत चांदीचे वाळे, कमरेला करदोडा, डोक्याला कानटोपी. सगळे उतरवून ठेवले. सात किलो दोनशे. डॉक्टरीण बाई मनापासून हसल्या आणि मावशीला म्हणाल्या, “बेन, तमे साचा.” मग त्यांनी स्वतःच्या नोंदीतला आकडा खोडून नवा घातला, सगळ्यांसमोर. माझ्या मते त्या सहा महिन्यांत गल्लीचा विश्वास सर्वांत जास्त वाढला तो त्या खोडण्याने. शिकलेले माणूस आपला आकडा खोडते हे तिथे कोणी पाहिले नव्हते.

वजनावर काम संपले नाही. मुलगी बोलत नाही असे दिसत होते. डॉक्टरीण बाईंनी एक तक्ता काढला. तिरुवनंतपुरमच्या बालविकास केंद्रात तयार झालेला हा तक्ता फक्त सतरा गोष्टींचा आहे. हसणे, मान धरणे, आधाराने चालणे, चेंडू टाकणे, दोन शब्द बोलणे, बाहुलीचे अवयव दाखवणे. मुलाच्या वयावर पेन्सिल उभी धरायची. पेन्सिलीच्या डावीकडे जे संपते ते मुलाला यायला हवे. कोणालाही पाहता येते, कोणालाही पडताळता येते. आणि या सतरा गोष्टी कुठून निवडल्या? बडोद्यातून. महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी बडोद्याच्या बाळांचा वर्षानुवर्षे अभ्यास करून भारतीय मुलांच्या वाढीचे मानदंड १९७० च्या सुमारास तयार केले. त्यांची चाचणी आजही देशभर वापरतात. हालचालींच्या ६७ आणि बुद्धीच्या १६३ बाबी तिच्यात आहेत. परदेशातल्या बाळांच्या फूटपट्टीने आपली बाळे मोजू नयेत हे एका मराठी बाईने गुजरातेत बसून दाखवून दिले, आणि आपल्या कॉलेजात मानसशास्त्र शिकताना तिचे नाव आम्ही एकदाही ऐकले नाही. असो.

पेन्सिल ‘दोन शब्द बोलतो’ याच्या उजवीकडे गेली होती. म्हणजे मुलीला दोन शब्द यायला हवेत. डॉक्टरीण बाई गुजरातीत विचारीत होत्या, मुलगी गप्प. हिंदीत विचारले, गप्प. आई म्हणाली, घरी बोलते. कागदावर काय लिहायचे? परक्या बाईसमोर मूल बोलत नाही, याचा अर्थ त्याला बोलता येत नाही असा नव्हे. आणि आई म्हणते म्हणून येते असे धरावे, तर वर कोणी विचारले तर पुरावा काय? डॉक्टरीण बाईंनी पेन बाजूला ठेवले. बाकीची मुले तपासली. तासाभराने मुलगी आजीच्या मांडीवर सैलावली. उंबऱ्यापाशी मांजर आले तेव्हा ती बोट करून काहीतरी म्हणाली, आणि मग आईला हाक मारली, “माय.” डॉक्टरीण बाईंनी मावशीला विचारले, हे दोन शब्द झाले का? मावशीने आईला विचारले. आईने सांगितले, झाले. तेव्हा खूण केली गेली. एका खुणेसाठी तिघींनी एकमेकींच्या तोंडाकडे पाहिले. फोनमध्ये ते पाहणे कुठे नोंदवायचे याचा रकाना नाही.

दंडाचा पट्टा अकरा पूर्णांक आठ सेंटिमीटरवर, म्हणजे पिवळ्यात आला. साडेअकराच्या खाली लाल. भूक चांगली, ताप नाही, पायाला सूज नाही. डॉक्टरीण बाईंनी आईला पट्टा हातात देऊन दाखवले की तू लालच्या बाहेर आहेस, आणि भरती करायची गरज नाही. घरी बालशक्तीची पाकिटे, तेल घालून दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे, आणि दर आठवड्याला वजन. आईने दोनदा विचारले, “भरती नही?” नाही. त्या क्षणी तिचा चेहरा पाहून मला एक गोष्ट उमगली. काटा खरा की खोटा हा तिचा प्रश्न कधी नव्हताच. काट्यानंतर माझे काय करणार, हा होता. कधी कधी काटा ‘जा, घरी जा’ असेही म्हणतो हे तिने त्या दिवशी प्रथम पाहिले. त्यानंतर ती दर आठवड्याला आली, आणि येताना शेजारणीला घेऊन आली. एप्रिलमध्ये मुलगी सात किलो नऊशे झाली. खालच्या पट्ट्यातून वर आली, फार वर नव्हे.

मी परतल्यावर, १ जुलै २०२५ पासून, घरी न्यायच्या पोषण आहारासाठी चेहरा ओळखण्याची अट आली. आईचा चेहरा फोनने ओळखला तरच पाकिटे. त्याआधी आधारशी जोडलेल्या मोबाइलवर आकडे येतात ते सांगायचे. आहाराला मधे पाय फुटू नयेत हा हेतू समजण्यासारखा आहे. पण लिंबायतमध्ये घरात एकच मोबाइल, तो नवऱ्याच्या खिशात, आणि नवरा बारा तासांच्या पाळीत मागांच्या खडखडाटात, जिथे तोंडाजवळ तोंड नेऊन ओरडले तरी ऐकू येत नाही. मावशी फोनवर सांगत होती, “अगं, ज्या बाईला मी तीन वर्षं ओळखते तिला मी विचारते, तूच ना ती?” यंत्राने बाईला ओळखण्याची सोय झाली आहे. बाईने यंत्राला ओळखायचे तर मात्र तिच्याकडे अजून तो ममता कार्डाचा पुठ्ठाच आहे.

हे नंतरचे. एप्रिलमधले सांगायचे राहिले. आखाजीला खानदेशी माणूस गावी जातोच. अक्षय तृतीयेच्या आधी आठवडाभर उधना स्टेशनावर पाय ठेवायला जागा नसते. ती आई, मुलगी, सासू असे सगळे तापीकाठच्या आपल्या गावी गेले, पेरणी होईपर्यंत तिथेच राहायचे म्हणून. मुलीचे नाव एका अंगणवाडीतून दुसरीकडे पाठवण्याची सोय ॲपमध्ये आहे, ती मावशीने केली. वर ममता कार्डाच्या मागे स्वतःचा मोबाइल नंबर लिहून दिला. गुजराती अक्षरे तिकडे वाचतील न वाचतील म्हणून वजनाचे आकडे मी मराठीतून पुन्हा लिहिले.

मे महिन्यात, मी निघायच्या चार-पाच दिवस आधी, संध्याकाळी फोन वाजला. तिकडच्या सेविका होत्या. आवाज जरा तुटक.

“तुमच्याकडचं शेवटचं वजन सात नऊशे दिसतंय. आमच्याकडे सात सातशे भरलं. तुम्ही कपड्यांसकट घेतलं होतं का?”

“नाही बाई. उघडीच. वाळेसुद्धा काढून,” मावशी म्हणाली. “प्रवासात जुलाब वगैरे झाले का, ते विचारलंत?”

“विचारलं. नाही म्हणते आई.”

“मग तुमच्या काट्यावर आधी माप ठेवून पाहिलंत?”

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग त्या म्हणाल्या, “आमच्या इथं दुकानात दोन किलोचंच माप आहे.”

“चालेल. आणा,” मावशी म्हणाली आणि प्लास्टर काढलेल्या हाताने खुर्ची ओढून बसली. “मी फोन धरते.”